डासाचा चावा खालून बघायचा असेल तर: पारदर्शक पेटी उभारण्याची रीत

पडद्याच्या फीडरवर (पातळ पडद्याआडून डासांना रक्त पाजायचं साधन) रक्त ठेवायचं, जाळीचा पिंजरा टेकवायचा, अर्ध्या तासाने पोट फुगलेल्या माद्या मोजायच्या. डासांच्या प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षं हेच मोजमाप चालत आलं आहे आणि वसाहत पोसायला ते पुरेसंही आहे. रोग कसा पसरतो हे शोधायचं असेल तर मात्र त्यातून चुकीचं उत्तर मिळू शकतं. रोगजंतू जातो लाळेतून, आणि मादी लाळ सोडायला लागते ती रक्त सापडण्याच्या आधीपासून, सोंडेतल्या बारीक सुया कातडीत फिरवत रक्त शोधताना. पाच ठिकाणी टोचून उपाशीच उडून गेलेली मादी पोटाच्या मोजणीत शून्य ठरते, पण लाळ तिने पाच जागी टाकलेली असते. म्हणून मोजायची ती टोचणी, आणि त्यासाठी चावा घडत असताना तो खालून दिसायला हवा.

फेलिक्स होल, लुई लाम्ब्रेख्त्स आणि मनू प्रकाश या संशोधकांनी २०२० मध्ये ‘बाइटोस्कोप’ या नावाने अशी व्यवस्था मांडली. आत कोमट पाणी असलेला पारदर्शक फ्लास्क, त्याच्या बाहेरच्या अंगावर कृत्रिम द्रवाचा पातळ थर, त्यावर ताणलेली पॅराफिल्म (प्रयोगशाळेत वापरतात ती मेणासारखी, ताणता येणारी फिल्म) आणि फ्लास्कच्या आरपार बघणारा कॅमेरा, अशी ती मूळ कल्पना. पुढची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे, पण साध्या कार्यशाळेत जमेल इतकी सोपी केली आहे. ती फक्त प्रयोगशाळेत वाढवलेल्या, संसर्ग नसलेल्या एडिस इजिप्ती डासांसाठी आहे. संसर्गित डासांचं काम डासांसाठी बांधलेल्या बंदिस्त प्रयोगशाळेतच, तिथल्या जैवसुरक्षा समितीच्या परवानगीने व्हायला हवं. फोम आणि चिकटपट्टीने बंद केलेली ही पेटी त्या कामाची नाही.

पेटी

३ मिमी जाडीच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची १० × १० × १० सेंमीची पेटी करा. तळाला मधोमध ४ × ४ सेंमीची खिडकी कापा. एका बाजूला २ सेंमी व्यासाचं भोक ठेवून त्यावर चीर दिलेली रबरी चकती चिकटवा. डास शोषून घ्यायची नळी त्यातून आत-बाहेर होते आणि नळी काढली की चीर आपोआप मिटते. समोरासमोरच्या दोन बाजूंना हवेसाठी बारीक जाळीच्या पट्ट्या लावा. झाकण दुधी अ‍ॅक्रिलिकचं करा, कारण वरून येणारा उजेड त्यातून सारखा पसरतो.

अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलने पुसू नका. लेसरने कापलेल्या कडांमध्ये ताण साठलेला असतो. इथेनॉल लागलं की तिथून केसासारख्या बारीक भेगा पडत जातात आणि चार-पाच धुण्यांत पेटी धुरकट होते. बिनवासाचा साबण, भरपूर पाणी आणि मऊ कापड एवढ्यावर काम भागतं. अल्कोहोलने पुसल्याशिवाय चैन पडत नसेल तर पेटी काचेची करावी.

आमिष: खरी मेहनत इथे आहे

बहुतेकांचा पैसा आणि वेळ कॅमेऱ्यावर जातो. पण पेटी फसते ती तापमानात. पॅराफिल्मचा पृष्ठभाग ३६–३७° सेल्सियसला स्थिर नसेल तर उत्तम कॅमेऱ्याला रिकामी खिडकीच दिसणार.

पेशी वाढवायला वापरतात तो २५ चौ. सेंमीचा चपटा पॉलिस्टायरीन फ्लास्क घ्या. टोपणाला दोन भोकं पाडून ४ मिमी आतील व्यासाच्या सिलिकॉन नळ्या बसवा. एकीतून पाणी आत जाईल, दुसरीतून बाहेर येईल. नळ्या छोट्या पंपामार्फत तापमान-नियंत्रित पाण्याच्या टाकीला जोडा. फ्लास्क पेटीच्या तळाच्या खिडकीखाली आडवा ठेवायचा आहे, त्यामुळे आत हवा राहिली तर ती नेमकी वरच्या अंगाखाली, म्हणजे डास बसतात तिथेच, जमा होते. त्यासाठी पाणी बाहेर नेणारी नळी आत थोडी लांब ठेवून तिचं टोक वरच्या कोपऱ्याला टेकवा, म्हणजे हवा पाण्याबरोबर निघून जाईल. पाणी आधी १० मिनिटं उकळून, झाकून गार केलेलं वापरा. नळाचं ताजं पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि विसेक मिनिटांत फ्लास्कच्या आतल्या भिंतीवर मोहरीएवढे बुडबुडे धरतात. चित्रणात प्रत्येक बुडबुडा डासाइतकाच ठळक दिसतो.

टाकीचं तापमान ३७° ठेवलं म्हणजे पृष्ठभाग ३७° झाला असं नाही. नळीत, फ्लास्कच्या भिंतीत आणि वरच्या हवेत उष्णता जाते. टाकी ४०–४१° वर ठेवावी लागते, कधी थोडी जास्त. नेमका आकडा नळीची लांबी आणि खोलीवर ठरतो, म्हणून तो मोजूनच काढा. बारीक तारेचं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पॅराफिल्मखाली सरकवून मध्यभागी आणि चार कोपऱ्यांवर मोजा. दोन टोकांत १° पेक्षा जास्त फरक असेल तर पंपाचा वेग वाढवा. बंदुकीसारखा अवरक्त तापमापक इथे नको. त्याचा मोजमापाचा ठिपका बहुधा खिडकीपेक्षा मोठा असतो, मग शेजारचं थंड अ‍ॅक्रिलिकही सरासरीत येतं.

उलट पेटीचा बाकीचा तळ तापता कामा नये. फ्लास्क आणि तळ यांच्यामध्ये फोमची चौकट ठेवा. त्याने फट बंद होते आणि ऊबही अडते. सगळा तळ कोमट झाला तर मादी कुठेही बसते आणि खिडकीकडे फिरकत नाही.

द्रव

रक्त अपारदर्शक असतं, खालून बघणाऱ्या कॅमेऱ्याला त्यातून काहीच दिसणार नाही. सुदैवाने मादीला पोटभर पिण्यासाठी रक्तच लागतं असं नाही. १९६३ साली राहेल गालुन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एडिस इजिप्तीला पिण्याचा इशारा एटीपी या रेणूकडून मिळतो. योग्य मिठाच्या पाण्यात एटीपी असेल तर मादी ते रक्तासारखंच पिते. त्यात प्रथिनं नसल्याने अंडी मात्र तयार होत नाहीत.

१० मिली द्रवासाठी शुद्ध पाण्यात ८८ मिलीग्रॅम सोडियम क्लोराइड (१५० मिलीमोलर) आणि ८.४ मिलीग्रॅम सोडियम बायकार्बोनेट (१० मिलीमोलर) विरघळवा. एटीपीचा साठा वेगळा करा. डायसोडियम एटीपी ५५ मिलीग्रॅम प्रति मिली घेतलं की साधारण १०० मिलीमोलर होतं. बाटलीवरचा रेणुभार पाहून हिशेब पक्का करा, कारण पाणी धरलेल्या क्षाराचा रेणुभार वेगळा असतो. हा साठा चांगलाच आम्ल असतो. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालत सामू (pH) ७ वर आणा, १०० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्या भरा आणि उणे २०° ला ठेवा. प्रयोगाआधी एक नळी वितळवून १० मिलीत मिसळली की एटीपी १ मिलीमोलर होतं. वितळवलेल्या नळीत काही उरलं तर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या. एटीपी हळूहळू तुटत जातं, आणि वरून बघून ते तुटलंय हे कुणालाच कळत नाही. कळतं ते डासांना: टोचतात, आत सुया फिरवतात आणि निघून जातात.

याचाच उपयोगही करून घेता येतो. प्रत्येक मालिकेत एक फ्लास्क मुद्दाम एटीपीविना ठेवा. तिथे टोचण्या दिसतात, पिणं जवळपास दिसत नाही. तुमची मोजणी टोचणं आणि पिणं वेगळं ओळखते का, याची परीक्षा त्या फ्लास्कवर होते.

थर लावणं

फ्लास्कच्या सपाट अंगावर पातळ दुहेरी चिकटपट्टीची चौकट लावा, आतली मोकळी जागा ३ × ३ सेंमी. पट्टीची जाडी ०.२ मिमी असेल तर आत १८० मायक्रोलिटर मावतात. एक मादी साधारण २–३ मायक्रोलिटर पिते, म्हणजे वीस माद्यांना हे पुरून उरतं. पट्टी पातळ असेल तर दोन थर द्या.

हातमोजे घाला. पॅराफिल्म आधी एका दिशेने आणि मग आडवी, सावकाश ताणा. मूळच्या दुप्पट लांब आणि दुप्पट रुंद झाली की ती दुधीपासून जवळजवळ पारदर्शक होते. जिथे पांढुरके पट्टे राहतात तिथे ती जाड असते आणि मादी तिथे टोचणं टाळते. द्रवाचा थेंब चौकटीच्या मध्यभागी सोडा आणि मोबाइलच्या पडद्यावर काच चिकटवतात तशी एका कडेपासून फिल्म टेकवत न्या, म्हणजे हवा पुढे ढकलली जाऊन बाहेर पडेल. कडा फ्लास्कच्या बाजूंवर दाबून बसवा. मधोमध फुगवटा दिसला तर द्रव जास्त झाला. सुई लावून काढत बसण्यापेक्षा फिल्म काढून नव्याने लावणं लवकर होतं.

फिल्म हाताच्या कातडीवर घासली की डास लवकर येतात, हे बहुतेक प्रयोगशाळांना माहीत असतं. हरकत नाही, पण मग प्रत्येक फिल्म त्याच माणसाच्या हातावर, तितकाच वेळ घासा. नाहीतर कुठलीच घासू नका. काही फिल्म घासलेल्या आणि काही कोऱ्या असल्या की निकालात माणसाचा वास मिसळतो.

उजेड आणि कॅमेरा

फ्लास्कच्या खाली ४५ अंशात आरसा ठेवा आणि कॅमेरा आडवा बसवा. खाली उभा कॅमेरा लावला आणि कधी फ्लास्क गळला तर पाणी थेट लेन्सवर येतं. आरसा पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेला घ्या. घरातल्या आरशाने काचेच्या जाडीमुळे दुहेरी प्रतिमा येते आणि प्रत्येक पायाला सावलीचा पाय जोडला जातो.

वरून ८५० नॅनोमीटरचे अवरक्त एलईडी लावा. डासांना तो प्रकाश दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, फक्त कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारं फिल्टर नसावं. वरच्या उजेडाने स्वच्छ छायाकृती मिळते, माग काढायला ती उत्तम. सुया आणि पावलं बघायची असतील तर खालून तिरकसही उजेड हवा. तो सरळ दिला तर फ्लास्कच्या भिंतीवर पांढरा डाग उमटतो.

एकरंगी, ग्लोबल शटरचा (सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारा), २०४८ × २०४८ पिक्सेलचा कॅमेरा पुरतो. चौकटीत ४ सेंमी धरले की एका पिक्सेलला सुमारे २० मायक्रोमीटर येतात. ५ मिमीची मादी अडीचशे पिक्सेल लांब दिसते, पण तिच्या सुयांचा जुडगा जेमतेम दोन पिक्सेल भरतो. सुयांवरच काम असेल तर क्षेत्र अर्धं करा आणि कमी माद्या दिसतील हे मान्य करा. वेग सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम), उघडीप (एक्स्पोजर) २ मिलीसेकंदांच्या आत. न दाबलेलं चित्रण सेकंदाला सुमारे १२५ मेगाबाइट होतं, म्हणजे दहा मिनिटांना ७५ गिगाबाइट. आधीच दाबून साठवायची सोय करा.

फोकस करायचा तो फ्लास्क पाण्याने भरून, तापवून आणि थर लावून झाल्यावर. अडीच सेंमी पाण्यातून बघताना प्रतिमा सुमारे ६ मिमी जवळ सरकते, त्यामुळे रिकाम्या फ्लास्कवर साधलेला फोकस पाणी भरताच बिघडतो. छापील कागदाचा तुकडा फिल्मवर उलटा ठेवून अक्षरांच्या कडा तीक्ष्ण करा.

डास

अळ्या दाटीत वाढल्या की माद्या लहान निपजतात आणि लहान मादीचं वागणं वेगळं असतं. लिटरला दोनशेच्या आसपास अळ्या ठेवा आणि सगळ्या मालिकेत तोच आकडा पाळा. वाढीची खोली २७–२८°, आर्द्रता ७०–८० टक्के, १२ तास उजेड आणि १२ तास अंधार. नरांबरोबर ठेवलेल्या, ५ ते ८ दिवसांच्या माद्या निवडा.

प्रयोगाच्या २४ तास आधी १० टक्के साखरपाणी काढून घ्या, साध्या पाण्याचा बोळा ठेवा आणि शेवटचे चार-पाच तास तोही काढा. हे विसरलं की माद्या भिंतीला चिकटून बसतात. बर्फावर गार करून माद्या निवडायच्या असतील तर ते आदल्या दिवशी करा. गारठ्यातून सावरलेली मादी काही तास मंद असते.

एडिस दिवसा चावणारी. दिवा मालवण्याच्या आधीच्या दोन तासांत ती चांगली येते. रात्री चावणाऱ्या अ‍ॅनाफेलिससाठी हीच पेटी अंधारात चालवावी लागते.

प्रत्यक्ष चाचणी

टाकी आणि पंप किमान ३० मिनिटं आधी सुरू करा. १५–२० माद्या मोजून पेटीत सोडा आणि आकडा लगेच लिहा. खिडकीवर पुठ्ठा सरकवून त्यांना दहा मिनिटं स्थिरावू द्या. मग पुठ्ठा काढा, चित्रण सुरू करा आणि नळीतून एकदा हळू फुंकर घाला. श्वासातला सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड त्यांना जागं करतो. फुंकरीबरोबर ऊब आणि ओलावाही जातो, म्हणून दोन गोष्टींची तुलना असेल तर सिलिंडरमधून मोजलेला झोत द्यावा. चित्रण १० ते १५ मिनिटं.

पडद्यावर काय दिसतं ते एकदा सावकाश बघा. मादी उतरते, दोन-चार पावलं टाकते, सोंडेचं टोक फिल्मला टेकवत जाते. मग थांबते. सोंडेचं बाहेरचं आवरण मागे धनुष्यासारखं वाकतं आणि फिल्मच्या खालच्या बाजूला केसाएवढी रेघ उगवते. त्या सुया. थर ०.२ मिमीचाच असल्याने सुया फ्लास्कला लागून वळतात आणि रेघ पंख्यासारखी इकडून तिकडे फिरते. हीच टोचणी. चव पटली की रेघ स्थिर होते, पोटावरच्या पट्ट्यांमधली फिकट त्वचा ताणत जाते आणि एक ते तीन मिनिटांत पोट टपोरं होतं. शेपटीकडून स्वच्छ पाण्याचे थेंब पडायला लागतात. जास्तीचं मीठ-पाणी ती तिथेच टाकते. हे थेंब फिल्मवर छोट्या भिंगांसारखे काम करतात, म्हणून एका थरावर एकच चाचणी.

संपल्यावर माद्या नळीने काढून पुन्हा मोजा. आकडा जुळला नाही तर खोली सोडायची नाही. भिंती पांढऱ्या असतील तर सुटलेली मादी पटकन दिसते. काढलेल्या माद्या उणे २०° ला रात्रभर ठेवून मगच टाका.

मोजणी

शंभर चौकटींचा मध्यक (प्रत्येक पिक्सेलचं मधलं मूल्य) काढून पार्श्वभूमी तयार करा आणि ती प्रत्येक चौकटीतून वजा करा; उरलेले काळे ठिपके म्हणजे माद्या. बसणं, चालणं, थांबणं आणि पोटाचं क्षेत्र वाढणं एवढं यातून मिळतं. सोंडेचं टोक, डोकं, पोटाचं टोक आणि सहा पावलं शोधायला डीपलॅबकट हे मुक्त सॉफ्टवेअर चालतं. सुरुवातीला सुमारे २०० चौकटींवर हाताने खुणा करा. त्यात नुसत्या निवांत बसलेल्या माद्या नकोत. एकमेकींवर चढलेल्या, अर्ध्याच चौकटीत असलेल्या आणि पाय उचललेल्याही हव्यात.

संगणकावर सोपवण्याआधी टोचणीची व्याख्या कागदावर लिहा: आवरण वाकलेलं आणि टोक एक सेकंदापेक्षा जास्त काळ एकाच जागी. दोघांनी एकमेकांना न विचारता त्याच वीस तुकड्यांची मोजणी करावी. दोघांचे आकडे जुळत नसतील तर दोष व्याख्येत आहे, सॉफ्टवेअर त्यातून वाचवणार नाही.

एका पेटीतल्या वीस माद्या म्हणजे वीस स्वतंत्र नोंदी नव्हेत. एक बसली की शेजारी दुसरी बसते. आकडेवारीत एकक धरायचं ते पेटीची एक चाचणी. तुलनेतल्या फ्लास्कांचा क्रम रोज चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर दुपारचे सगळे एका बाजूला आणि संध्याकाळचे दुसऱ्या बाजूला पडतात.

बिघडलं तर

कुणीच येत नसेल तर आधी पृष्ठभागाचं तापमान बघा, मग साखर कधी काढली ते, मग खोलीतला वास. सुगंधी साबणाने धुतलेले हात हे नेहमीचं कारण. येतात पण पीत नाहीत: एटीपी जुनं, सामू आम्ल किंवा फिल्म जाड, याच क्रमाने तपासा. पीत असतानाच अर्ध्यावर सोडून जातात: बहुधा फिल्मखाली हवेचा पट्टा आहे. चित्र हळूहळू धूसर होतं: खोली थंड आहे आणि पेटीच्या भिंतींवर दव धरलंय, खोलीच २७° वर आणा.

डीईईटीसारखं प्रतिकर्षक (डासांना दूर ठेवणारं रसायन) तपासायचं असेल तर ते फ्लास्कवर किंवा पेटीवर थेट लावू नका. पॉलिस्टायरीन आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही त्याने खराब होतात. चौकटीशेजारी पातळ काचपट्टी चिकटवून तिच्यावर इथेनॉलमधलं द्रावण वाळवा, आणि दुसऱ्या बाजूच्या काचपट्टीवर नुसतं इथेनॉल. बाइटोस्कोपच्या कामात अ‍ॅनाफेलिस कोलुझीच्या माद्या डीईईटी पायाला लागल्यावर दूर जातात हे दिसलं होतं. नुसती पोटं मोजून ते कधीच कळलं नसतं. म्हणून अशा चाचणीत पावलांच्या खुणा आधी नीट बसवा. कुठला पाय किती सेकंद काचेवर होता, हीच इथली मुख्य नोंद.